बिनवासाचे सरंगे

पूनम सागरमधल्या जलतरंग सोसायटीत, बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर एका दाराला पितळी पाटी आहे : उत्तम बा. मांडवकर (रसायनशास्त्र). कंसात माणसं डिग्री लिहितात. उत्तमकडे डिग्री नव्हती, म्हणून त्यानं विषय लिहिला.

तेहतीस वर्षं तो मुंबईतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर होता. म्हणजे काय, तर पोरांनी फोडलेल्या काचा वेचायच्या, बाटल्या भरून रांगेत मांडायच्या आणि कुणी ‘ए उत्तम’ म्हणून हाक मारली की हातातलं टाकून पळायचं. त्याच्या मुलीच्या वयाच्या प्राध्यापिकासुद्धा त्याला ‘ए उत्तम’च म्हणत. निरोपसमारंभाला शाल-नारळ मिळाला, भाषण झालं, त्या भाषणातही तो ‘आपला उत्तम’च राहिला. घरी येताना त्यानं कॉलेजचा एक काचेचा चंबू पिशवीत घालून आणला. ह्याला चोरी म्हणू नये. तेहतीस वर्षांत एकदाही कुणी ‘मांडवकर सर’ म्हटलं नाही, त्याची ती भरपाई होती.

मूळचा गडी गुहागरकडचा. मासळीशिवाय त्याच्या घशाखाली भात उतरत नसे. आता असा माणूस घरी रिकामा बसला आणि हातात मोबाईल असला की काय व्हायचं ते झालं. एके दिवशी त्याला दिसलं, की कुठल्याशा देशातले शास्त्रज्ञ झाडपाल्याच्या अर्कात मासे बुडवतात आणि मग ते मासे बर्फात दुप्पट दिवस टिकतात, वास मारत नाहीत. उत्तम खुर्चीतनं उठलाच.

“आनंदी! अगं, हे बघ. हे तर मी पण करू शकतो!”

आनंदी त्याची बायको. ती तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

“गावाला तुमची आई सुरमईला मीठ नि कोकमाचं आगळ चोळून ठेवायची, ते काय होतं मग?”

“ती चव होती. हे सायन्स आहे.”

“बरं. सायन्सला मिक्सर लागत असला तर माझ्या मिक्सरला हात लावायचा नाही, सांगून ठेवते.”

मिक्सरला हात लागलाच. पहिल्या आठवड्यात सोसायटीच्या बागेतला पेरू बोडका झाला. दुसऱ्या आठवड्यात शेवग्याचा पाला गेला. कडुलिंबाचा अर्क काढला त्या दिवशी बांगडा तर कडू झालाच, पण त्याच मिक्सरमधली सोलकढी पुढचे तीन दिवस औषधासारखी लागत होती. उत्तम सगळं वहीत लिहीत होता. नमुना क्रमांक, तारीख, झाडाचं नाव, निकाल. निकाल द्यायला बी विंगच्या जिन्यातला एकडोळा बोका होता. त्यानं तुकडा खाल्ला तर पास, हुंगून शेपटी दाखवली तर नापास. वहीत ‘परीक्षक’ ह्या रकान्यात उत्तमनं ‘मांजर’ असं शुद्ध अक्षरात लिहून खाली रेघ मारली होती. तेहतीस वर्षं प्राध्यापकांच्या वह्या उचलल्या होत्या, रकाने कसे आखायचे ते त्याला कुणी शिकवायला नको होतं.

सोळा नमुने नापास झाले. सतरावा डाळिंबाच्या सालीचा. साली चंबूत उकळल्या, पिवळसर काढा गाळला, बांगडा त्यात बुडवून बर्फात ठेवला. पाचव्या दिवशी बाहेर काढला तर वासाचं नाव नाही. बोक्यानं तो काट्यासकट खाल्ला आणि वर उत्तमच्या पायाला अंग घासलं. तेहतीस वर्षांत एवढा मान त्याला कुणी दिला नव्हता.

त्या दिवसापासून हा माणूस जिन्यातनं चालेना, तरंगत जाऊ लागला.

आता गोदूबाईचं सांगायला हवं.

गोदूबाई तारोडीची. उत्तनच्या पट्ट्यातलं समुद्राकाठचं गाव ते. बावीस वर्षं ती जलतरंग सोसायटीच्या गेटाच्या आत, मीटरच्या खोलीच्या सावलीत टोपली घेऊन बसत आलेली. बाहेर रस्त्यावर बसलं की पालिकेची गाडी येऊन टोपली उचलते, म्हणून ही आतली चार फूट जागा म्हणजे तिचं सगळं दुकान. विळीवर पाय ठेवून ती बसली की अठ्ठेचाळीस घरांची कुंडली तिला तोंडपाठ. कुणाची सासू गावाला गेली की सुनेला नुसते मधले तुकडे लागतात, कोण डोकी ‘मांजराला’ म्हणून मागतं नि स्वतः कालवण करतं, सगळं तिला ठाऊक. आणि ती काही देवी नव्हे. उतरत्या दुपारी दोन सरंग्यांचे कल्ले फिके पडले तर तिसऱ्याचं रक्त त्यांना बोटानं लावून ते लालभडक करायला तिचा हात कधी कचरला नाही. सरंगा म्हणजे बिल्डिंगीतले लोक ज्याला पापलेट म्हणतात तो.

श्रावण तोंडावर आला, मासेमारीची बंदी नुकतीच उठलेली, आणि गटारीचा रविवार आठवड्यावर. अशा मोक्याला सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली :

‘गेटच्या आतील मासळीविक्रीमुळे दुर्गंधी पसरत असल्याची तक्रार आहे. येत्या रविवारी सकाळी कमिटी प्रत्यक्ष पाहणी करील. वास आढळल्यास सोमवारपासून विक्रीस मनाई राहील.’

खाली सही सेक्रेटरी पराग राजाध्यक्षची. तक्रार कुणाची, ते लिहिलं नव्हतं. पराग गिरगावातनं इकडे आलेला, घरात आठवड्यातनं तीनदा सुरमई. पण त्याची सुरमई मोबाईलवर बोट दाबलं की प्लास्टिकच्या डबीत बसून येत असे, गोरीगोमटी, पाहुण्यासारखी. गेटातल्या टोपलीची त्याला लाज वाटू लागली होती. त्याच संध्याकाळच्या मिटिंगमध्ये त्यानं विषय काढला, तेव्हा मासे खाणारी एकतीस घरं हजर होती. एकतीस माना खाली मोबाईलमध्ये. बोलायचं तर आपल्याला वास चालतो असं कबूल करावं लागणार, आणि ते कबूल करायला का कुणी वन-बीएचकेचं टू-बीएचके केलं होतं?

उत्तम मात्र उभा राहिला. “वासाची जबाबदारी माझी! मी रसायनशास्त्रातला माणूस आहे.”

पराग हसला. “बघा काका, तुमच्या भरवशावर रविवारपर्यंत थांबतो.”

दुसऱ्या दिवशी उत्तम गोदूबाईसमोर उकिडवा बसला आणि त्यानं आपला शोध समजावून सांगितला. ती बोंबील साफ करत होती. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, “मास्तर, म्हावऱ्याला म्हावऱ्याचा वास येनार न्हाय तं काय मोगऱ्याचा येनार?”

“मावशी, ताज्या माशाचा वास वेगळा, कुजक्या माशाचा वेगळा. मी कुजण्याची क्रियाच थांबवतो.”

“मंग त्या शेक्रेटरीच्या नाकात घाल तुजा काढा. कुजलंय ते तितं हाय.”

“मावशी, जागा जाईल तुमची.”

ह्यावर मात्र तिचा हात थांबला. विळीचं पातं तिनं पदरानं पुसलं. बावीस वर्षांची जागा. घरात सून चंपा, दोन नातवंडं, आणि गुडघा इतका दुखतो, की दारोदार टोपली डोक्यावर घेऊन हिंडायचे दिवस आता गेले.

“जागा ऱ्हाईल? लिवून देशील?”

“शब्द देतो.”

“शब्द काय, माजा नवरापन देत व्हता,” गोदूबाई म्हणाली. “चल. शनवारी ये तारोडीला. पन एक सांगते मास्तर, जागा गेली तं तुज्या दारात येऊन बसन. विळी घेऊन.”

आठवडाभर उत्तम केबिन रोडवरच्या ज्यूसवाल्यांकडून डाळिंबाच्या साली गोळा करत हिंडला. “भैया, छिलका फेकना मत, साइन्स के काम का है,” असं सांगत. ज्यूसवाल्यांनी त्याला वेडा समजून दोन पोती भरून दिली. शनिवारी दुपारी भाईंदर पश्चिमेकडून बस धरून, दोन पोत्यांसकट तो तारोडीला उतरला.

गोदूबाईच्या अंगणात चुलीवर मोठा ॲल्युमिनियमचा टोप चढला. साली उकळल्या, काढा गाळला, छान पिवळसर उतरला. उत्तमनं तो बोटाला लावून चाटला, तोंड वाकडं केलं आणि मान डोलावली. मग प्रश्न आला, सरंगे बुडवून ठेवायचे कशात?

“त्यो निला टब हाय ना,” चंपानं कोपऱ्यातला प्लास्टिकचा टब ओढला. “चांगला धुतलेला हाय.”

उत्तमनं असं तोंड केलं, जसं काही कुणी देवाला चपला घालायला सांगितल्या.

“प्लास्टिक? नैसर्गिक अर्क, आणि प्लास्टिक? छे छे! केमिकल उतरतं त्यात. काहीतरी पारंपरिक द्या.”

अंगणात पारंपरिक म्हणावं असं एकच भांडं होतं. लोखंडी पिंप मधोमध कापून केलेला अर्धा डबा. खाऱ्या वाऱ्यानं त्याला आतनं-बाहेरनं गंज चढलेला. एरवी त्यात जाळी भिजत घालत.

“ह्या?” गोदूबाई म्हणाली. “ह्याला जंग हाय रे.”

“लोखंड हा निसर्गच आहे, मावशी. आपल्या आज्या लोखंडी कढईतच जेवण करायच्या.”

“आमची आजी कढईत कालवन करायची. जाली भिजवायच्या पिंपात न्हाय.”

पण शास्त्रापुढे कोण बोलणार! तीस सरंगे गंजक्या पिंपात गेले, वरनं काढा, त्यावर बर्फाचा चुरा, त्यावर गोणपाट. उत्तमनं सुतळीनं तोंड बांधलं आणि गाठीत एक कागद अडकवला : ‘हवा लागू देऊ नये. कमिटीसमोरच उघडावे. — उ. बा. मांडवकर (रसायनशास्त्र)’. सही करताना त्यानं पेन दोनदा झटकलं.

रविवारी सकाळी नऊला जलतरंगच्या गेटात एवढी गर्दी, की पाण्याचा टँकर आल्यासारखं वाटावं. गटारीचा दिवस, हातात पिशव्या घेऊन बायका उभ्या, पुरुष लुंगीवर उभे. पराग इस्त्रीचा शर्ट घालून, कमिटीचे दोघे मागे घेऊन आला. तारोडीहून आलेला टेंपो गेटाबाहेर थांबला. चंपा टेंपोतच बसून राहिली, आणि गोदूबाईनं ड्रायव्हरच्या मदतीनं पिंप उतरवून मीटरच्या खोलीपाशी आणून ठेवलं. उत्तमनं इस्त्रीचा पांढरा कोट घातला होता. कॉलेजचा. हाही पिशवीतनं आलेला असावा.

“उघडा काका,” पराग म्हणाला.

उत्तमनं गाठ सोडली, कागद जपून खिशात ठेवला, गोणपाट बाजूला केलं आणि दोन पावलं मागे सरून म्हणाला, “घ्या वास!”

वरनं नुसता बर्फाचा थर दिसत होता. पराग वाकला. नाक पिंपाच्या काठाला टेकेपर्यंत वाकला. एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं. मागच्या दोघांनी हुंगलं.

“खरंच की! वास नाही. काही म्हणजे काही नाही!”

उत्तमचा चेहरा असा फुलला, जन्मात पहिल्यांदा आरशात पाहिल्यासारखा. एवढ्यात ए विंगची संचिता पुढे झाली. तिच्याकडे दुपारी चौदा माणसं जेवायला. तिनं बर्फात हात घातला आणि एक सरंगा शेपटीला धरून वर काढला.

सरंगा काळा होता. नुसता काळा नव्हे, निळसर काळा, दौतीत बुडवून काढल्यासारखा. पाणी ठिबकत होतं तेही काळं. संचितानं सवयीनं अंगठ्यानं कल्ला उचलला. कल्ल्यातनं गोदूबाईच्या सरंग्याला नेहमी लाली दिसायची. आता आत कोळशाची खाण.

“अगंबाई! मावशी, हे पापलेट आहे की हलवा?”

“हलवा मासासुद्धा इतका काळा नसतो,” कुणीतरी म्हणालं. “हे जळलंय.”

“विष झालंय विष! फेका आधी!”

संचिताची बोटं काळी, परागच्या नाकाचा शेंडा काळा. तो पुसायला गेला तर गालावर फराटा उमटला.

आणि उत्तमला सगळं कळलं. एका क्षणात, बघितल्या बघितल्या कळलं. दरवर्षी जूनमध्ये पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी त्यानं स्वतः बाटल्या मांडल्या होत्या : एकीत हरड्याचा काढा, दुसरीत लोखंडाचं पाणी. पोरं दोन्ही एकत्र ओतत, काळीभोर शाई तयार होई, पोरं टाळ्या वाजवत. तेहतीस जून. डाळिंबाची साल तरी काय, हरड्याचीच बहीण. गंजक्या पिंपात त्यानं रात्रभर तीस सरंग्यांसकट शाई बनवली होती.

“वास तर नाही ना?” शेवटी तो एवढंच पुटपुटला. “अट वासाची होती.”

“अहो, वासाला काय चाटायचंय?” संचिता ओरडली. “गटारीला मी चौदा माणसांपुढे काय ठेवू? तुमचा कोट?”

सगळ्यांनी गोदूबाईकडे पाहिलं. ती मीटरच्या खोलीला टेकून, पान चघळत उभी. रागाचा लवलेश नाही.

“सरंगा मांगला, सरंगा आनला,” ती म्हणाली. “वास नको म्हनलात, वास आनला न्हाय. मी काय करू?”

लोक पांगायला लागले. पराग मोबाईलवर बोट दाबत होता. त्याचे सासू-सासरे दुपारी यायचे होते आणि डबीवाल्याकडे सुरमईपासून कोळंबीपर्यंत सगळ्यांपुढे ‘संपले’ असं लिहिलेलं.

तेवढ्यात वारा फिरला आणि वास आला.

ताज्या म्हावऱ्याचा, मिठाचा, ओल्या दोरखंडाचा, खाडीचा आणि रक्ताचा वास. गेटाबाहेरनं. जाणारी माणसं थबकली. ज्यांनी मिटिंगमध्ये माना खाली घातल्या होत्या त्या एकतीस घरांची नाकं एकदम वर झाली. टेंपोच्या मागच्या फळीवर चंपानं दोन टोपल्यांवरची केळीची पानं बाजूला केली होती. चंदेरी सरंगे, बांगडे, करली, आणि मूठभर मांदेली नाचत असल्यासारखी चमकत होती. पहाटेच्या बोटीचा माल.

संचिता धावली. तिच्यामागे सगळे.

“थांबा,” गोदूबाई म्हणाली. ती गेटाच्या मधोमध उभी राहिली. “त्याला वास हाय. वासाचं म्हावरं गेटाच्या आत येत न्हाय. शेक्रेटरीची नोटीस हाय.”

“मावशी, मग तिथंच विका, टेंपोतनं!”

“टेंपोतनं न्हाय विकत. रस्त्यावर गाडी येते, उचलते. मी आपली तारोडीला जाते. चंपे, पान घाल.”

चंपानं पानं घातली. बायकांच्या तोंडून असा आवाज निघाला, की कुणाचं काही वाईट झालं असं वाटावं. मग सगळ्या जणी परागकडे वळल्या. आणि एकतीस घरांना त्या क्षणी वाचा फुटली.

“वास येतो तर येऊ दे ना!”

“आमच्या घरात काय, वास नाही येत?”

“राजाध्यक्ष, तुमच्या घरातली सुरमई काय अत्तर लावून तळतात?”

पराग काळ्या नाकानं चारही बाजूंना बघत होता. सासऱ्यांचा फोन आला. तो त्यानं कापला. “ठीक आहे, ठीक आहे! बसा मावशी, कमिटीची हरकत नाही.”

“लिवून दे,” गोदूबाई म्हणाली. “शब्दानं माजं पोट भरलंय.”

फळ्यावरची नोटीस काढून आणली. तिच्याच मागच्या बाजूला परागनं लिहिलं : ‘गोदूबाई यांना गेटच्या आत बसून मासळी विकण्यास परवानगी आहे. वासासकट.’ संचितानं त्याच्या हातातनं पेन घेऊन खाली आणखी एक ओळ घातली : ‘श्री. मांडवकर यांनी मासळीस हात लावू नये.’ त्याखाली सह्या करायला रांग लागली. कमिटीचा शिक्का वरनं मागवण्यात आला. गोदूबाईला अक्षर वाचता येत नव्हतं, पण शिक्का तिनं निरखून पाहिला, कागदाची घडी केली आणि पोलक्यात घातली.

टोपल्या आत आल्या. विळी मांडली गेली. वास सगळ्या कंपाउंडभर पसरला आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

उत्तम मीटरच्या खोलीच्या मागे पिंपाशेजारी उभा होता. पांढऱ्या कोटाला काळे डाग. गिऱ्हाईक जरा विरळ झाल्यावर गोदूबाई गुडघा चोळत त्याच्यापाशी आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “मास्तर, इकडं ये. सांगते, पन तोंड बंद ठेव.”

“काय?”

“तुज्या पिंपातलं म्हावरं कालचं न्हाय. बंदी उठली त्या दिसाचं उरलेलं. बर्फात पडून व्हतं. आज त्याला जवल कोन उभं ऱ्हायलं नसतं, इतकं शिलं.” ती वाकली आणि काळ्या सरंग्याच्या पोटाशी विळीचं टोक लावून चीर दिली. आत मांस पांढरं, घट्ट. नाकाशी नेलं. “बग. वास न्हाय. तुजा काढा चालतो.”

“मावशी! म्हणजे... म्हणजे हे सिद्ध झालं! हे सगळ्यांना सांगायला—”

“खबरदार!” तिनं त्याचा कोट धरला. “सांगशील तं मी शिलं म्हावरं घेऊन आलते, ते बी सांगावं लागंल. माजी जागा जाईल. तू तुज्या काढ्यापाई ताजा माल नासवला, असंच ऱ्हाऊ दे. तुला काय फरक पडतो? तुला तं लोक आदीच येडा म्हनतात.”

एवढं सांगून ती परत विळीवर जाऊन बसली. काळे सरंगे तारोडीला नेऊन खारवायचे असं तिनं ओरडून चंपाला सांगितलं. मीठ लागलं की सगळे एकाच रंगाचे.

पिंप उचलायला ड्रायव्हर आला, तेव्हा त्यानं उत्तमला हाक मारली, “ए काका, जरा हात लगाओ.” उत्तमनं कोटाच्या बाह्या वर केल्या. मग त्याला कागदावरची ओळ आठवली आणि तो तसाच मागे सरला. रांगेतली दोन माणसं हसली.

रांगेच्या शेवटी आनंदी उभी होती, पिशवी घेऊन. नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, तशी ती चटकन पुढच्या बाईच्या पाठीआड सरकली आणि गोदूबाईला म्हणाली, “मावशी, एक करली दे. मधली. आणि ती पानात नीट गुंडाळ, आमच्याकडे जरा लपवून न्यावी लागते.”